आरशातली रांग

दुसऱ्या उड्डाणपुलाची सावली लागली तशी धाकटीनं चपला काढल्या, सिमेंटच्या कठड्यावर बैठक मारली आणि जाहीर केलं, "दादा, मी आता इथून हलायची नाही. तुझा हायवे तुला लखलाभ."

दादा चार पावलं पुढे गेला होता. तो वळून परत आला, पण बसला नाही. हात पाठीमागे बांधलेले, मान थोडी वाकलेली, नजर रस्त्यावर. कुणाचं काही हरवलंय आणि हा ते शोधतोय, असं लांबून वाटावं.

"अजून निम्मा राहिलाय," तो म्हणाला.

"मग निम्मा तू चाल. मी इथं बसून तुझ्यासाठी देवाला सांगते. ते काम बसून होतं."

लोखंडी जाळीच्या पलीकडे हायवे होता आणि अलीकडे हा अरुंद सर्व्हिस रोड, ज्यावरून दोघं भाऊबहीण उन्हातान्हातून चालत आले होते. पलीकडे गाड्या जात होत्या म्हणजे काय, सूंऽऽ करून नाहीशा होत होत्या. प्रत्येक ट्रकसरशी धाकटीचा पदर उडायचा आणि ती तो पुन्हा दाबून धरायची. पाण्याची बाटली संपत आली होती. छत्री होती, पण ती दादानं रस्त्याच्या कडेचा भराव खचलाय का ते टोचून बघण्यासाठी घेतली होती, त्यामुळे तिचं टोक चिखलानं माखलं होतं आणि धाकटीचं डोकं तापलं होतं.

शहराकडे जायचा रस्ता हे दोघं चालत का बघत होते, असं कुणी विचारलं असतं तर धाकटी लाजेनं चूर झाली असती. दादाला काहीच वाटलं नसतं. ज्या रस्त्यानं गाडी न्यायची तो आधी आपल्या पायाखालून गेला पाहिजे, हा त्याच्या धंद्याचा नियम होता. धंद्यातून निवृत्त झाला तरी नियम निवृत्त झाला नव्हता.

दादा शववाहिका चालवायचा.

सरकारी इस्पितळाची ती पांढरी, लांबट गाडी. गावात कुणाकडे दुःख झालं की निरोप दादाकडे यायचा, आणि दादा गाडी काढायच्या आधी स्वतः चालत निघायचा. त्या घराच्या दारापासून थेट शेवटच्या फाटकापर्यंत. खड्डा कुठे आहे, विजेची तार कुठे खाली लोंबतेय, कुठल्या वळणावर कुणी दुकानदार फळकुटं मांडून बसतो, सगळं डोळ्यांखालून घालायचा. लागलंच तर खड्ड्यात दोन घमेली माती स्वतः टाकायचा. "आतला माणूस तक्रार करत नाही, म्हणून काय त्याला हादरे द्यायचे?" असं त्याचं म्हणणं. मग गाडी निघायची ती चाळीसच्या आत, रस्त्याच्या मधोमध, दिवसाढवळ्या दिवे लावून. समोरचे आपोआप बाजूला व्हायचे. मागून कुणी पुढे जायचं नाही. हॉर्न तर नाहीच. दादाला उभ्या हयातीत मागून कुणी हॉर्न दिला नव्हता.

गावानं त्याचं नाव 'सावकाश' ठेवलं होतं. "सावकाश गेला का हो?" असं कुणी विचारलं की मुलंसुद्धा ओळखायची, कोणाकडे काहीतरी झालंय. दादाला या नावाचा राग नव्हता. उलट तोच सांगायचा, "इतकी वर्षं गाडी चालवली, एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नाही."

आणि आरसा. सगळे ड्रायव्हर आरशात बघतात ते मागून कोण अंगावर येतंय हे बघायला. दादा बघायचा ते मागून सगळे येताहेत ना हे बघायला. मागे नातेवाइकांच्या गाड्या, स्कूटर, कुणाचा टेम्पो. त्यात कुणी रडत चालवत असायचं, कुणाला रस्ता ठाऊक नसायचा. आरशात रांग दिसली की दादाचा पाय हलका व्हायचा. रांग लांबली की आणखी हलका. एकही जण मागे सुटता कामा नये. ही सवय त्याच्या पायात अशी मुरली होती की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुनी, छोटी गाडी घेतली. वहिनीनं गाडीला हळद-कुंकू लावलं, दारातून कौतुकानं बघितलं, पण आत पाऊल ठेवलं नाही. "मी यांच्या गाडीत एकदाच बसणार," ती शेजारणींना सांगायची, "तेही आडवी होऊन."

अशात दादाची लेक शहरात बाळंत झाली. मुलगी झाली. जावई जहाजावर, तो किनाऱ्याला लागायला अजून अवकाश. लेकीनं ठरवलं की बाळाला घेऊन काही महिने आईकडे यायचं. आईचे गुडघे गेलेले, ती घरी खोली सजवून वाट बघणार. राहता राहिला प्रश्न येण्याचा.

फोन वहिनीनं स्पीकरवर ठेवला होता. धाकटी नेमकी तेव्हा पडद्याचं माप घ्यायला आली होती. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि घरी पडदे, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी शिवायची.

"मी टॅक्सीनं येते, बाबा."

"घरची गाडी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, शहाणी पोरगी. बाबा, तुम्ही नवीन हायवेवर चालवलीय का कधी?"

"रस्ता तो रस्ता. चार चाकं, एक स्टिअरिंग."

पलीकडे बाळ कुरकुरलं. लेक म्हणाली, "बरं. आत्याला घेऊन एकदा हायवेवर जाऊन या. आत्या खोटं बोलत नाही. ती म्हणाली की बाबांबरोबर ये, तर येते. ती नाही म्हणाली तर टॅक्सी. मग रुसायचं नाही."

वहिनी हसली. "वन्सं, झाला तुमचा न्यायाधीश."

धाकटीला ही न्यायाधीशी मुळीच नको होती. आणि संध्याकाळी दादा तिच्याकडे आला, शिवणयंत्राच्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि बराच वेळ रिकामं रीळ बोटांत फिरवत राहिला, तेव्हा तर अजिबातच नको वाटली.

"धाकटे," तो शेवटी म्हणाला, "आजवर मी ज्यांना ज्यांना नेलं ते सगळे निघालेले होते. एकदा तरी येणारं माणूस आणू दे मला."

धाकटीनं यंत्राचं पायदान थांबवलं. "उद्या जाऊ," एवढंच म्हणाली.

त्या उद्याचं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर ही पायपीट कळायची नाही.

हायवेला लागेपर्यंत सगळं छान चाललं होतं. धाकटीनं निघताना देवापुढे हात जोडले होते, दादानं चारही टायरांना लाथ मारून बघितली होती. चढावाच्या रस्त्यानं गाडी वर आली. समोर तीन पदरी रस्ता, मध्ये पांढऱ्या तुटक रेघा. दादानं डावीकडची लेन बघितली. तिथे ट्रक. मधली बघितली. तिथे गाड्या. उजवीकडची रिकामी. रिकामी दिसली म्हणून तो हळूहळू सरकत उजवीकडे गेला, काटा चाळीसवर आणला, दिवे लावले आणि सुखानं मागे रेलला.

"बघ, कशी मोकळी ठेवलीय," तो म्हणाला. "कळतं लोकांना."

थोड्या वेळानं त्यानं आरशात बघितलं. मागे रांग लागली होती. लांबच लांब. दादाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि पाय आपोआप हलका झाला. काटा पस्तीसवर आला.

"दादा, मागचे हॉर्न देताहेत."

"लग्नाचं वऱ्हाड असेल."

"दादा, ते आपल्यालाच देताहेत!"

"छे. आपल्या मागे कोण हॉर्न देतंय."

मागच्या गाड्या आता डावीकडून घुसून पुढे जायला लागल्या. एकानं काच खाली करून काहीतरी म्हटलं. धाकटीनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. दादानं मात्र मान लववून त्याला नमस्कार केला. भेटायला आलेल्या पाहुण्याला करावा तसा.

पुढच्या वळणावर हायवे पोलिसांनी हात दाखवून गाडी बाजूला घेतली. पोलीस बाई होत्या, तरुण, उन्हानं रापलेल्या. खिडकीशी वाकून त्यांनी आधी दादाकडे बघितलं, मग दिव्यांकडे, मग धाकटीकडे.

"काका, अंत्ययात्रा आहे का?"

"नाही हो," दादा अगदी सरळपणे म्हणाला, "मी निवृत्त झालो."

बाईंच्या तोंडावर जे उमटलं ते धाकटी जन्मभर विसरणार नव्हती. सगळा प्रकार उलगडून सांगितला तेव्हा बाई टोपी काढून गाडीला टेकल्या आणि हसू दाबत राहिल्या. पण हसू ओसरल्यावर त्यांचा आवाज बदलला.

"काका, ऐका. उजवी लेन रिकामी असते ती कुणी तुमच्यासाठी राखलेली नसते. ती पुढे जाण्यापुरती. पुढे गेलात, काम झालं, परत डावीकडे या. जड गाड्या डाव्या लेनला, तुमच्यासारख्यांनी मधली धरा, नाहीतर डावीच बरी. आणि ती पाटी दिसतेय? शंभर. म्हणजे शंभरनं पळवलीच पाहिजे असं नाही. त्याच्या वर नाही, एवढंच. पण जिथे सगळे नव्वदनं येताहेत तिथे तुम्ही पस्तीसनं उभे राहिल्यासारखेच. मागच्याला वाटतं, ही गाडी चालतेय. जवळ आल्यावर कळतं, ही जवळजवळ थांबलीय. तोवर उशीर झालेला असतो."

"पण मी हळू चालवत होतो," दादा म्हणाला. त्याच्या लेखी हेच उत्तर होतं.

"तेच तर म्हणतेय, काका. हळू म्हणजे जपून, असं नाही इथे."

मग त्यांनी धाकटीकडे बघून विचारलं, "काकू, तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"मी देवाचं नाव घेत होते," धाकटी म्हणाली.

"ते चालू ठेवा. पण मधून मधून आवाज पण चढवा."

घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाआधी फोन आला. लेकीनं विचारलं, "आत्या, काय?" दादा तिथेच बसला होता, वर्तमानपत्र उलटं धरून. त्यानं वर बघितलं नाही, खूण केली नाही, खोकलासुद्धा नाही. धाकटीनं एकदा त्या उलट्या वर्तमानपत्राकडे बघितलं.

"अजून नाही, बाळा," ती म्हणाली.

दादानं वर्तमानपत्राची घडी केली. "बरोबर बोललीस," म्हणाला. आणि जाता जाता, "उद्या सकाळी चपला मजबूत घाल. मला हा रस्ता पायाखालून घालायचाय. चुकलं ते तिथेच. न चालता गेलो."

म्हणून ही पायपीट.

आता दुसऱ्या पुलाखाली धाकटी बसली होती आणि दादा चुळबूळ करत होता. पुलावर जायला एक लोखंडी जिना होता. "वर चल," तो म्हणाला. "वरून दिसेल तरी."

"जिना? अरे, मी—"

"मी धरतो हात."

कुरकुरत का होईना, धाकटी वर गेली. पुलाच्या कठड्याला टेकून दोघं उभे राहिले. खालून रस्ता वाहत होता. वरून बघताना तो आवाजही जरा लांबचा वाटत होता आणि अंगावर येणाऱ्या गाड्या खेळण्यातल्यासारख्या दिसत होत्या. एक तेलाचा टँकर डावीकडून संथपणे आला. त्याच्या मागून एक निळी गाडी आली, तिनं बाजूचा दिवा लुकलुकवला, मधल्या लेनला आली, टँकरला मागे टाकलं, पुरेसं अंतर ठेवून पुन्हा डावीकडे शिरली. टँकरला त्याचं सुख ना दुःख.

"त्याला वाईट नाही वाटलं," दादा म्हणाला.

"कुणाला?"

"टँकरवाल्याला. हा पुढे गेला तरी."

"का वाटेल? त्याला त्याच्या वेळेनं जायचंय, याला याच्या."

दादा खालून जाणाऱ्या गाड्या निरखत राहिला. मग त्यानं छत्रीनं लांबवर दाखवलं. उजव्या लेनमध्ये एक करडी गाडी येत होती, आरामात, जणू अंगणात फेऱ्या मारतेय. तिच्यामागे आठ-दहा गाड्या एकमेकींना चिकटलेल्या. दिव्यांची उघडझाप. एकीचा धीर सुटला, तिनं डावीकडून झेप घेतली, मधल्या लेनमधल्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला, टायर किंचाळले आणि ट्रकचं मागचं धूड क्षणभर आडवं व्हायला लागलं. धाकटीच्या तोंडून "देवा!" निघालं. ट्रक सावरला. सगळं पुन्हा वाहायला लागलं. करडी गाडी पुलाखालून गेली. तिच्या ड्रायव्हरला मागे काय झालं याचा पत्ताही नव्हता.

दादानं कठडा घट्ट धरला होता.

"धाकटे, माझ्या मागची ती रांग—"

"हं."

"ती माझ्या सोबतीला नव्हती."

"नव्हती रे," धाकटी हळूच म्हणाली. "अडकलेली होती."

धाकटीला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. मग तिला तिच्या कामातलं एक आठवलं आणि तिनं ते सांगून टाकलं. "मी कॉलर शिवते ना, तेव्हा टाका टाका मोजत जाते. पण खिडकीच्या पडद्याची लांब सरळ शिवण असते, तिथे तसं थांबत थांबत गेलं की धागा गोळा होतो, शिवण वाकडी येते. तिथे एका लयीत यंत्र पळवायचं. तुझी आतापर्यंत सगळी कॉलरचीच शिवण झाली, दादा. आता पडदा आलाय."

दादा तिच्याकडे बघत राहिला. "शिवणकाम करून करून फार बोलायला शिकलीस," तो म्हणाला. पण स्वर मऊ होता. मग खिशातून त्यानं शेंगदाण्याची पुडी काढली, जी सकाळपासून लपवून ठेवली होती, आणि सगळीच्या सगळी तिच्या हातात दिली.

उरलेला निम्मा रस्ताही ते चाललेच. दादानं प्रत्येक पाटी थांबून वाचली. कुठे शंभर, वळणावर ऐंशी, बाहेर पडायच्या उतारावर चाळीस. "चाळीस!" तो एखादा जुना मित्र भेटावा तसा म्हणाला. "म्हणजे चाळीसलाही जागा आहे इथे."

"आहे. उतारावर."

दुसऱ्या सकाळपासून सराव सुरू झाला. आधी नुसतं चढावाच्या रस्त्यानं वर येणं. तिथे दादा घाबरून थांबायचा, आणि थांबला की पुन्हा आत शिरणं मुश्कील. "चढतानाच वेग घे," धाकटी सांगायची, "दारात अडून बसलं की कुणालाच आत येता येत नाही, बाहेर जाता येत नाही." मग डावी लेन, साठ. मग मधली, ऐंशी. पुढच्या गाडीपासून अंतर किती राखायचं यावर दोघांचं भांडण झालं. दादा इतकं राखायचा की मध्ये दोन ट्रक येऊन बसायचे. शेवटी धाकटीनं तिची युक्ती काढली. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की ती म्हणायला लागायची, "देवा सांभाळ, देवा सांभाळ, देवा सांभाळ." तिसऱ्या सांभाळला आपण खांबापाशी पोचलो तर अंतर बरोबर. दुसऱ्यालाच पोचलो तर जवळ आलो. चौथं म्हणावं लागलं तर उगाच मागे पडलो.

"आणि पाऊस असला तर?" दादानं विचारलं.

"तर देवाला दुप्पट वेळ सांगायचं."

सगळ्यात अवघड होता आरसा. दादा आरशात बघायचा, मागे गाडी दिसायची, आणि पाय उचलला जायचा. धाकटी प्रत्येक वेळी ओरडायची, "पाय!" दादा म्हणायचा, "उचलला नाही." धाकटी म्हणायची, "मग काटा काय देवानं उतरवला?" एक दिवस वैतागून ती म्हणाली, "दादा, आरशातले तुझे कुणी लागत नाहीत!" त्यावर तो इतका हसला की गाडी बाजूच्या पेट्रोल पंपावर घ्यावी लागली. पण त्या दिवसापासून पाय जागेवर राहायला लागला. दिवे मात्र तो दिवसाही लावतच राहिला. त्याला धाकटीनं हरकत घेतली नाही.

आणि एके संध्याकाळी फोनवर लेकीनं विचारलं, "आत्या, काय?"

दादानं वर्तमानपत्र उलटं धरलं होतं.

"ये, बाळा," धाकटी म्हणाली. "तुझ्या बाबांबरोबर ये. मी पण येते न्यायला."

आतल्या खोलीत वहिनीनं डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हणाली, "दोन उशा जास्तीच्या ठेवा गाडीत. लेकीला बसायला म्हणून."

जाताना काही झालं नाही. शहरात लेकीनं बाळाची खास खुर्ची मागच्या सीटला पट्ट्यांनी घट्ट बसवली, बाळ तिच्यात गुंडाळून ठेवलं, स्वतः शेजारी बसली. धाकटी पुढे. दादानं बाळाकडे वाकून बघितलं. बाळानं जांभई दिली. "हिला घाई नाही," तो खूश होऊन म्हणाला.

मधली लेन. ऐंशी. लेक आधी पुढची सीट घट्ट धरून बसली होती. थोड्या वेळानं तिनं हात सोडला. आणखी थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघायला लागली. आरशातून हे सगळं बघणाऱ्या दादाच्या मिशा हलल्या, पण पाय हलला नाही.

निम्मा रस्ता झाला असेल. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकाएकी लागले. दादानं वेग कमी केला. साठ. पन्नास. चाळीस. पुढे पाच-सहा गाड्यांची रांग होती, एकामागे एक, मधल्या लेनमध्ये. आणि सगळ्यांच्या पुढे, दिवसाढवळ्या दिवे लावलेली, पांढरी, लांबट गाडी.

दादानं ती लांबूनच ओळखली. मागच्या दाराचा डावा कोपरा चेपलेला होता. तो त्याच्याच हातून, इस्पितळाच्या खांबाला लागून चेपला होता.

"आपली गाडी," तो म्हणाला. "शहरातून कुणाला तरी गावाकडे नेताहेत." आणि त्यानं काटा चाळीसवर तसाच ठेवला, रांगेत शेवटी लागला, आणि स्टिअरिंगवरचे हात आपोआप सैल झाले. सगळं ओळखीचं झालं होतं.

मागून हॉर्न वाजला. मग आणखी एक. मधल्या लेनमध्ये गाड्या साचायला लागल्या होत्या. बाळ दचकलं आणि रडायला लागलं.

"बाबा," लेक म्हणाली.

"त्यांच्या पुढे कसं जायचं?" दादा म्हणाला. "कधी कुणी गेलंय का पुढे?"

मागचा ट्रक आता इतका जवळ आला होता की त्याचं तोंड आरशात मावत नव्हतं. धाकटीच्या ओठांवर देवाचं नाव होतं. पोलीस बाईंचं म्हणणं तिला आठवलं आणि तिनं आवाज चढवला.

"दादा, त्यांना आता कुठलीच घाई नाही. हिला दुधाची वेळ झालीय. उजवीकडे बघ."

दादानं बघितलं. आरशात, मग खांद्यावरून मागे. एक गाडी गेली. दुसरी गेली. मग मोकळी जागा आली. त्यानं बाजूचा दिवा लावला, उजव्या लेनला आला, आणि पाय दाबला. पन्नास, सत्तर, नव्वद. रांगेतली एकेक गाडी मागे पडत गेली. धाकटीनं हात जोडून डोळे मिटले. त्या पांढऱ्या गाडीच्या बाजूनं जाताना दादानं डोकं लववलं. तिकडच्या ड्रायव्हरनं त्याला ओळखलं असावं, कारण त्यानंही हात वर केला.

पांढरी गाडी आरशात पुरती दिसायला लागल्यावर दादानं पुन्हा दिवा लावला आणि मधल्या लेनला परत आला. काटा ऐंशीवर स्थिरावला. बाळाचं रडणं हुंदक्यावर आलं, मग थांबलं.



"मधल्या लेनला कशाला घेतलीय त्यानं?" दादा पुटपुटला. "डावीकडे घ्यायची ना."

"शिकवलं कुणी त्याला?" लेकीनं विचारलं.

"मीच," दादा म्हणाला. "मधोमध चालव, म्हणून सांगितलं होतं. जाऊन समजावतो उद्या." लेक हसली. तिचं ते मोकळं हसणं ऐकून तोही हसला. मग तिनं डोळे मिटून मान मागे टेकली. आपल्या बापाच्या गाडीत, हायवेवर, ती चक्क झोपली.

गावची पाटी आली. उतारावर चाळीस. दादा इतक्या अलगद उतरला की बाळाची पापणी हलली नाही. सर्व्हिस रोडला लागल्यावर त्यानं आवाज खाली आणला.

"धाकटे, तुझ्याकडे एक मागायचंय. तुझ्या वहिनीला सांगून उपयोग नाही, ती रडत बसेल."

"काय?"

"माझी वेळ येईल तेव्हा—"

"दादा! पोर आहे गाडीत."

"पोर झोपलंय. ऐक. माझी वेळ येईल तेव्हा तू पुढे बस, ड्रायव्हरशेजारी. आणि त्याला सांग, हायवे लागला की डाव्या लेनला घे, साठच्या खाली येऊ नको, आणि आरशात सारखं बघू नको. ज्यांना यायचंय ते येतील मागून. पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे."